मान देणे आणि मान राखणे : दोन्ही एकच का?

राजेंद्रनगर, इंदूर

सर्वांना सप्रेम सलाम.

बाबांच्या एका वाक्याने गेला आठवडाभर झोप नीट लागलेली नाही, म्हणून इथे विचारते आहे. बाबा 84 वर्षांचे. ऐकू कमी येतं, बोलताना मध्येच थांबतात, शब्द शोधतात. गेल्या आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टर अगदी प्रेमाने विचारत होते, "बाबूजी, क्या तकलीफ है?" बाबांनी तोंड उघडलं की उत्तर माझं तयार. नींद नहीं आती, घुटने में दर्द है, दवा टाइम पे लेते हैं. बाहेर गर्दी होती, मलाही कामावर जायचं होतं. दहा मिनिटांत सगळं आटोपलं. परतताना रिक्षात बाबा बराच वेळ बाहेर बघत होते. मग म्हणाले, "मान देतेस गं तू मला. राखत नाहीस."

मी त्यांना जन्मात कधी 'अरे-तुरे' केलेलं नाही. आईला 'ए आई', बाबांना 'अहो बाबा', तसंच आमच्याकडे सगळ्यांचं. पहिला चहा त्यांना, पहिली पोळी त्यांना. म्हणून ते वाक्य फार लागलं.

शब्बाथशाळेत (चर्चच्या रविवारच्या शाळेत) बायबलमधल्या दहा आज्ञा पाठ केल्या तेव्हा आईबापांविषयीच्या आज्ञेत 'मान राख' असंच म्हटलं होतं. पण बायबलमध्येच पेत्राच्या पहिल्या पत्रात 2:17 ला (अध्याय 2, ओवी 17) 'सर्वांना मान द्या' आहे आणि त्याच ओवीत शेवटी 'राजाचा मान राखा'. मग 'देणे' आणि 'राखणे' यांत काही फरक आहे, की मीच शब्दाचा कीस काढते आहे?

बडोदा

ताई, फरक आहे, आणि तुमच्या बाबांनी तो नेमका पकडला आहे.

'देणे' हे एका वेळचं काम. समारंभात मान देतात, लग्नात मानपान होतो, पंगतीत मानाचं पान वाढतात. तो क्षण सरला की देणं संपलं. शिवाय जो देतो त्याच्या हातात ती वस्तू असते, आणि देणारा ती उद्या काढूनही घेऊ शकतो. दरबारातल्या मानकऱ्यांचं तेच व्हायचं. राजाची मर्जी असेतो मान.

आता 'राखणे' घ्या. शेत राखतात, घर राखतात, पत राखतात, लाज राखतात, शब्द राखतात. यातली एकही गोष्ट राखणारा स्वतःच्या खिशातून काढून देत नाही. ती दुसऱ्याची असते, आधीपासून असते. राखणदाराने ती जाऊ द्यायची नाही, एवढंच त्याचं काम, पण ते दिवसरात्रीचं काम. रात्री डोळा लागला आणि जनावर शिरलं तर दिवसभर केलेली राखण फुकट.

म्हणून 'अहो' म्हणणं हे मान देणं झालं. डॉक्टरांसमोर त्यांचं बोलणं त्यांच्याकडे राहू देणं, हे राखणं.

छावणी, इंदूर

वरच्या काकांनी मराठीच्या अंगाने सांगितलं, मी मूळ भाषेकडून थोडं जोडतो. सेमिनरीत (पाळकांच्या शिक्षणसंस्थेत) हिब्रू शिकलो होतो, त्यातलं हे एक कायम लक्षात राहिलं.

दहा आज्ञा बायबलच्या 'निर्गम' या पुस्तकात आहेत. निर्गम 20:12 मध्ये 'मान राख' याला हिब्रूत 'काब्बेद' आहे. त्याचं मूळ 'जड असणे'. म्हणजे आज्ञेचा शब्दशः भाव असा : आईबापांना जड मान, त्यांचं वजन मान. आणि निर्गम 21:17 मध्ये आईबापांना शाप देण्याबद्दल जो शब्द आहे, तो 'हलका असणे' या धातूचा. शापणं म्हणजे हलकं करणं.

हे हिब्रू मराठी माणसाला वेगळं समजावून सांगावंच लागत नाही. 'त्यांच्या शब्दाला वजन आहे', 'भारदस्त माणूस', उलट 'हलकं बोलू नकोस', 'मला हलक्यात घेतलं'. त्याच मुळापासून आलेला 'काबोद' हा शब्द देवाच्या तेजाबद्दल येतो तेव्हा आपल्या शास्त्रात 'गौरव' असं भाषांतर असतं. 'गौरव' आला 'गुरु'पासून, आणि संस्कृतात गुरु म्हणजे आधी जड, मग शिकवणारा. दोन भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही, तरी दोघींनी मान तराजूतच तोलला. मला हे जेव्हा पहिल्यांदा उमगलं तेव्हा वर्गातच अंगावर काटा आला होता.

लेवीय 19:3 मध्ये आणखी एक गंमत आहे. निर्गममध्ये बाप आधी आणि आई मग, तर इथे आई आधी आणि बाप मग. शब्दही 'धाक बाळगा' असा. आणि त्याच अध्यायात 32 व्या ओवीत पिकल्या केसांपुढे उठून उभं राहायला सांगितलं आहे. तिथे मान अंगाने करायचा आहे, गुडघे सरळ करून.

पण वजन मानायचं म्हणजे नुसतं उभं राहायचं नाही, हे येशूने फार कडक शब्दांत सांगितलं. मार्क 7 काढून पाहा. काही लोक म्हणत, माझ्याकडून आईबापांना जे मिळायचं ते 'कर्बान' आहे, म्हणजे देवाला वाहिलेलं. झालं, आता आईबापांसाठी काही करायला नको. तिथे येशू नेमकी हीच आज्ञा पुढे ठेवतो. त्याच्या लेखी मान राखणं म्हणजे भाकरी, औषध, पैसा, वेळ. पौलही तीमथ्याला लिहिताना (पहिलं पत्र, अध्याय 5) विधवांना मान देण्याबद्दल बोलतो आणि विषय असतो त्यांच्या पोटापाण्याचा. पुढे 17 व्या ओवीत वडिलांना, म्हणजे मंडळी (चर्च) चालवणाऱ्यांना, दुप्पट सन्मान, आणि लगेच मजुराच्या मजुरीची गोष्ट. ग्रीकमध्ये 'तिमे' म्हणजे मान आणि तिमे म्हणजे किंमतही. आपल्याकडे 'मानधन' हा शब्द आहेच की. आणि 'घरात कुणी माझी किंमत करत नाही' असं म्हातारी माणसं म्हणतात, तेव्हा ती ग्रीकच बोलत असतात.

ताई, एक बारीक दुरुस्ती. पेत्राच्या ओवीत 'द्या' आणि 'राखा' हा फरक भाषांतरातला आहे. ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच, फक्त काळाचं रूप वेगळं. त्यामुळे सर्वांना नुसता मान द्यावा आणि राखावा तो फक्त राजाचा, असा अर्थ तिथून काढू नका. उलट पुढचीच ओवी घरच्या दासांना उद्देशून आहे. राजा आणि दास शेजारी शेजारी आहेत, आणि 'सर्वांना'मध्ये दोघेही आले.

ग्वाल्हेर, लष्कर

हे सगळं पटतं, पण एक अडचण मांडतो. माझी मुलं म्हणतात, "रिस्पेक्ट कमवावा लागतो." आणि काही बापांनी तो खरंच कमावलेला नसतो. दारू पिऊन मारणाऱ्या बापाचा मान कसा राखायचा? मी हे उगाच विचारत नाही.

छावणी, इंदूर

दादा, तुमचा प्रश्न हलका नाही. आज्ञेत 'ऐक' असं म्हटलेलं नाही, 'मान राख' म्हटलं आहे. मारणाऱ्यापासून आईला, भावंडांना वाचवणं, पोलिसांकडे जाणं, घर सोडणं, यातलं काहीही या आज्ञेविरुद्ध नाही. कमवावा लागतो तो भरवसा. मान मात्र उत्पत्ती 1:27 मधून येतो : माणूस देवाच्या प्रतिरूपाचा. तो बापाने कमावलेला नाही, म्हणून त्याला तो घालवताही येत नाही. त्याच्यावर विश्वास टाकू नका. पण तो आजारी पडला तर त्याला रस्त्यावरही टाकू नका. यापुढे नियम सांगायची माझी छाती नाही, कारण सोसलं तुम्ही आहे.

पलासिया, इंदूर

आम्ही कॅथलिक, आमच्या मोजणीत ही चौथी आज्ञा, तुमच्याकडे पाचवी. आज्ञा तीच.

'राखणे' शब्दावरून मला आपल्या इंदूरचीच गोष्ट आठवली. सिस्टर राणी मारिया केरळच्या, पण काम उदयनगरच्या गावांतल्या गरिबांमध्ये. 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांना चाकूने मारलं. मारणारा जन्मठेपेत होता. 2002 साली त्यांची धाकटी बहीण, ती पण सिस्टर, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. पुढे त्यांच्या आईनेही त्याला जवळ केलं. 4 नोव्हेंबर 2017 ला राणी मारियांना इथेच, इंदूरमध्ये, धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं.

राखी आणि राखणे, दोन्ही 'रक्ष्'मधून आले. एरवी राखी बांधून बहीण भावाला म्हणते, माझं रक्षण कर. इथे बहिणीने काय राखलं? त्या माणसातलं जे त्याने स्वतःच मातीत घातलं होतं, ते. ग्वाल्हेरच्या दादांना उत्तर म्हणून हे लिहीत नाही. प्रत्येकाने असंच करावं असं म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण पेत्राचं 'सर्वांना' किती लांब जाऊ शकतं, ते मी या शहरात पाहिलं आहे.

बडोदा

एक शब्द राहिला : 'पंक्तिप्रपंच'. याकोबाच्या पत्रात, अध्याय 2 मध्ये, सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला 'तिकडे उभा राहा' म्हणतात, त्याला हा शब्द चपखल बसतो. तिथला ग्रीक शब्द मुळात 'तोंड बघून वागणे' असाच आहे. आपण म्हणतो ना, तोंड पाहून वाढतात.

मागे एका मंडळीत उपासनेनंतर अल्पोपाहार होता. झाडलोट करणाऱ्या मावशी आमच्यामागे दोन बाकं सोडून रोज प्रार्थनेला बसत. आम्हाला चिनीमातीच्या बश्यांत दिलं, त्यांना वर्तमानपत्राच्या कागदावर. सगळे त्यांना 'मावशी, या ना' म्हणत होते, अगदी गोड. मान दिला गेला होता. मीही बशी हातात धरून उभा होतो आणि काही बोललो नाही. आज दहा वर्षं झाली असतील, तो कागद अजून दिसतो.

राजेंद्रनगर, इंदूर

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. काका, त्या कागदाचं वाचून मी बराच वेळ पुढचं वाचू शकले नाही.

आज परत तपासणी होती. कामावर अर्धी रजा टाकली. केबिनच्या आधी बाबांच्या कानातलं मशीन नीट बसवलं, आणि डॉक्टरांना आधीच सांगितलं, "सर, ये खुद बताएंगे, थोड़ा टाइम लगेगा." मी मागच्या खुर्चीवर बसले, हात मांडीखाली घेऊन, कारण मध्ये बोलायला लागले की माझे हात आधी उठतात.

बाबा थांबत थांबत बोलले. एका ठिकाणी इतका वेळ थांबले की डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मग बाबा म्हणाले की झोप लागत नाही ती गुडघ्यांमुळे नाही. आई गेल्यापासून रात्री तिच्या बाजूचा पंखा ते बंद करायला जातात आणि मग जागेच राहतात.

आईला जाऊन चौदा महिने झाले. हे मला माहीत नव्हतं.