समृद्धी झाला, मग शक्तिपीठाला विरोध का?

वाशीमकर
५ जून २०२५ला इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग पुरा झाला. खर्च ५५ हजार कोटींच्या वर. त्याच्याही नावाने बोटं मोडणारे कमी नव्हते. आज नागपूरहून आठ तासांत भिवंडी. रस्ता आला की मागून गोदाम येतं, त्यामागून कारखाना. मग वर्ध्याजवळचं पवनार ते गोव्याच्या सीमेवरचं पत्रादेवी, १२ जिल्ह्यांतून जाणाऱ्या ८०२ किलोमीटरच्या नियोजित शक्तिपीठ महामार्गाला एवढा विरोध कशासाठी? राज्य पुढे जायला नको का?

ऊसकरी
शक्तिपीठ वाशीम जिल्ह्यातून जातच नाही राव! दुसऱ्याच्या बांधावरून विकास बघायला काय जातंय? इथं कोल्हापुरात कर्ज काढून नदीचं पाणी माळावर चढवलंय, पाइपलाइन तुटली की पलीकडचं रानही कोरडं. वर रस्त्याचा भराव. २०१९ आणि २०२१चा पूर बघितलेल्याला भराव म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. आणि रत्नागिरी-नागपूर महामार्ग आहेच की!

वाशीमकर
समृद्धीत माझ्या काकांची तीन एकर गेली, तेव्हा बांध आमचाच होता. रेडीरेकनरच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी दराच्या, पाचपट आले. तुरीत तेवढे जन्मात आले नसते.

ऊसकरी
कोरडवाहू तूर आणि बारमाही बागायत एका तराजूत घालू नका. तेवढ्या पैशात तसलं रान परत कुठं मिळतंय ते दाखवा, सातबारा घेऊन येतो.

हिशेबनीस
जमिनीचं बाजूला ठेवू, वाशीमकरांच्या ‘मागून गोदाम येतं’ याबद्दल बोलतो. रस्ता बांधताना सिमेंट, पोलाद, मजुरी यांवर होणारा खर्च जीडीपीत त्या-त्या वर्षी दिसतो. तो वाढीचा पुरावा नव्हे, तो नुसता खर्च. खरी वाढ नंतर, रस्त्यावर माल किती धावतो त्यावर. पुणे द्रुतगती मार्ग २००२मध्ये पुरा झाला तेव्हा वाहतूक आधीच घाटात तुंबलेली होती. शक्तिपीठावर तसं कोण तुंबलंय? जिथे रस्ताच नाही तिथला पहिला रस्ता सोनं पिकवतो, समांतर दुसरा त्यातला थोडाच भाग देतो. कर्जाचं व्याज मात्र दोन्हीकडे सारखंच. ८६ हजार कोटींचा प्रकल्प आहे हा. जून २०२५मध्ये मंत्रिमंडळाने २० हजार ७८७ कोटींना मान्यता दिली, तेव्हा खुद्द वित्त विभागानेच कर्जाच्या बोजाबद्दल शेरा मारल्याच्या बातम्या होत्या.

समृद्धीलगत वसवायच्या कृषी नवनगरांचं काय झालं, हेही कुणीतरी सांगा.

संत्रेवाला
भाऊ, मी वरूडचा. आमचा संत्रा बांगलादेशात जायचा. त्यांनी आयातशुल्क वाढवत नेलं आणि भाव बसला. समृद्धी गुळगुळीत आहे, पण माल पूर्वेला जायचा आणि रस्ता निघाला पश्चिमेला! प्रक्रिया कारखाना बागेजवळ असता तर टोलही परवडला असता.

वाशीमकर
हिशेबनीस, मुद्दा पटला, अर्धा. सगळीकडे आधी वाहतूक मोजूनच बांधायचं म्हटलं तर मागास भागाला कधीच काही मिळणार नाही. कोकण रेल्वेला कोणती गर्दी होती?

सावंतवाडीकर
आमचं नाव निघालं म्हणून लिहितो. कोकण रेल्वे जानेवारी १९९८ला पूर्ण सुरू झाली, हवीच होती, शंका नाही. पण तीच गाडी पोरांना मुंबईला घेऊन जाते आणि गणपतीला आणून सोडते. इथे कारखाने किती आले ते आम्ही मोजलेत, एक हात पुरतो. आणि आमच्याकडे नवा महामार्ग आणताय? मुंबई-गोवा चौपदरीकरण २०११पासून चाललंय. आधी तेवढं संपवा. चतुर्थीला त्या रस्त्याने एकदा येऊन दाखवा.

वाशीमकर
हे आमंत्रण समजू का?

सावंतवाडीकर
समजा. पण ट्रेनने या.