देहदंडाची आज्ञा नेमकी कुठे आहे?

‘समलैंगिकांना देहदंड फक्त इस्लामच सांगतो, बायबल नव्हे’ हे विधान अनेकदा ऐकू येते, पण ते दोन्ही बाजूंनी सैल आहे. बायबलच्या जुन्या करारातील लेवीय 20:13 मध्ये पुरुषाने पुरुषाशी केलेल्या समागमाला मरणाची शिक्षा स्पष्ट शब्दांत आहे. ख्रिस्ती परंपरेने मोशेच्या नियमशास्त्रातील दंड आपल्यावर बंधनकारक मानले नाहीत, पण हे कृत्य पाप ठरवण्यासाठी नव्या करारातील पौलाचे रोमकरांस पत्र हाताशी ठेवले. उलट कुराणात प्रेषित लूत यांच्या लोकांवर ईश्वरी कोप झाल्याची कथा आहे, पण या कृत्यासाठी देहदंड सांगणारी आयत नाही. तो दंड हदीस (पैगंबरांची वचने व आचार यांच्या नोंदी) आणि फिकह (इस्लामी धर्मशास्त्री कायदा) यांतून आला, आणि त्यावरही एकमत नाही.

विजापूर वेशीजवळच्या एका हनफी (इमाम अबू हनीफा यांच्या कायदेपंथाच्या) मौलवींना मी हे विचारले, तेव्हा त्यांनी ‘हिदाया’ हा त्या पंथाचा कायदेग्रंथ काढून त्याच पानावर दोन मते बोटाने दाखवली: इमाम अबू हनीफा यांच्या मते येथे धर्माने ठरवून दिलेली शिक्षा, म्हणजे ‘हद’, लागू नाही, न्यायाधीशाने स्वतःच्या विवेकाने शिक्षा, म्हणजे ‘ताझीर’, द्यावी; त्यांचेच शिष्य अबू युसूफ आणि मुहम्मद यांनी मात्र ते अमान्य करून व्यभिचाराचाच दंड लावला. (मौलवी कृत्याला हरामच मानतात, हे सांगायला हवे.)

आणि बायबलचा दंड केवळ कागदावर राहिला असेही नाही. इंग्लंडने 1533 मध्ये या कृत्यासाठी फाशीचा कायदा केला, 1835 पर्यंत माणसे फासावर दिली आणि 1861 मध्ये ती शिक्षा रद्द केली. त्याच राजवटीने 1860 च्या दंडसंहितेतून असे संबंध गुन्हा ठरवणारे कलम 377 आपल्याला दिले, तर ऑटोमन खलिफांच्या 1858 च्या दंडसंहितेत परस्परसंमतीच्या अशा संबंधांना गुन्हा ठरवलेले नव्हते.