बेने इस्राएल: ओळख पुसली की बदलली?

खाडीकाठ: पेणकर, रोहेकर, किहीमकर ही बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची आडनावं आज अलिबाग-पेणपेक्षा इस्राएलमधल्या अश्दोद, लोद, दिमोनात जास्त सापडतील. 1948 नंतर माणसं तिकडे गेली आणि मराठी म्हाताऱ्यांपुरती उरली. कोकणाने 'शनवार तेली' (शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली) म्हणत शेकडो वर्षं नांदवलेली ओळख इस्राएलने दोन-तीन पिढ्यांत पुसली. वर अपमान वेगळाच: 1962 मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, फर्मान काढलं की हे खरे ज्यू आहेत का हे पाहायला लग्नाआधी यांचं आईकडचं कूळ तपासा!

ताकपोहे: 'पुसली' काहीतरीच. कोकणातलं ज्यूपण तरी कुठे जसंच्या तसं होतं? हिब्रू विसरलेली. शनिवारी घाणा बंद, सुंता, खवल्यांचेच मासे आणि 'शेमा' ही प्रार्थना, एवढं टिकलेलं. मग कोचीनचे ज्यू शिक्षक आले. मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आले, त्यांनी 1832 साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. हेतू ख्रिस्ती करण्याचा. यांनी विद्या घेतली आणि स्वतःचाच धर्म पक्का केला. (मला तर या चलाखीचं भारी कौतुक वाटतं.) पुढे बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनंही रंगली. म्हणजे तुम्ही जिला जुनी ओळख म्हणता, तीही बरीचशी एकोणिसाव्या शतकातलीच.

खाडीकाठ: असेल. पण इथे कोकणात कुणी ज्यू असल्याचा दाखला मागितला नाही.

रमलावाली: मी बेने इस्राएली, इस्राएलमध्येच राहते, म्हणून बोलते. दाखला मागितला, खरंय. आमची माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली आणि 1964 मध्ये क्नेसेटला (इस्राएलच्या संसदेला) जाहीर करावं लागलं की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत. आम्हाला बिचारे ठरवताना तेवढं विसरू नका. मलिद्याचा आमचा विधी आजही होतो: लग्नाआधी, नव्या घरात, मुलगा सैन्यातून सुखरूप आला की. पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव. माझ्या लेकीला मराठीत फक्त पदार्थांची नावं आणि दोन शिव्या येतात, पण ती ठसक्यात स्वतःला भारतीय म्हणवते. आजीला कोकणातल्या नवगावात असं सांगायची गरजच पडली नव्हती.

खाडीकाठ: मलिदा राहील हो. ते मराठी कीर्तन कळणार कुणाला?

ताकपोहे: ठाण्यातल्या बेने इस्राएली पोरांना तरी कितपत कळतं? तीही इंग्रजी शाळेत जातात, तुमच्या-माझ्या पोरांसारखीच. त्याचं खापर इस्राएलवर कसं फोडणार?