कुटुंब दत्तक योजना: शिक्षण विद्यार्थ्यांचं, हेलपाटे आमचे?

गोदाकाठ:
नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 सालचं. राज्यातली मेडिकल कॉलेजं त्याच्याशी संलग्न. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमाप्रमाणे आता एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून गावातली काही कुटुंबं दत्तक घ्यायची असतात. आमचं घरही असंच 'दत्तक' गेलंय. पांढऱ्या कोटातली पोरं बसमधून येतात, मीठ किती खाता, संडास आहे का विचारतात, बीपी मोजतात, फोटो काढतात. मागच्या खेपेला आईचा बीपी 170 निघाला. "हॉस्पिटलला या," म्हणाले. दोन बस बदलून गेलो तर केसपेपरच्या खिडकीवर 'दत्तक कुटुंब' म्हणजे काय हेच कुणाला माहीत नाही! मग दत्तक नेमकं कोणी कोणाला घेतलं?

थर्डइयरची_ताई:
राग समजू शकते, पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका. मला पाच घरं आहेत. पुस्तकात 'पेशंट औषध नियमित घेत नाही' एवढंच असतं. एका घरी गेल्यावर कळलं की सासू-सून दोघींना बीपी आहे आणि एकीच्याच गोळ्या दोघी वाटून घेतात. हे ओपीडीत बसून मला कधी कळलं असतं?

गोदाकाठ:
कळलं ना? मग पुढे सुनेला गोळ्या मिळाल्या का?

थर्डइयरची_ताई:
गावातल्या आशा सेविकेला सांगितलं. पुढचं खरंच माहीत नाही. पुढच्या भेटीआधी परीक्षा आली.

वर्धेकर_72:
हाच तर मुद्दा आहे. सेवाग्रामला गांधीजींच्या डॉक्टर सुशीला नायर यांनी 1969 साली कॉलेज काढलं, तिथे हे गावाचं काम सुरुवातीपासून आहे. पहिल्या वर्षाची मुलं पंधरा दिवस गावात राहायची, नंतर महिन्याला त्याच घरी जायची. पण माझ्या मते खरी गंमत ज्वारीच्या विम्यात होती. सुगी झाली की ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे ज्वारी गोळा करायची आणि बदल्यात दवाखान्यात सवलत मिळायची. ज्याने पायली-दोन पायली ज्वारी घातली तो डॉक्टरला बेधडक विचारतो, "आमच्या गावात का नाही आलात?" फुकटच्या शिबिरात असं विचारायची सोयच नसते.

निवृत्त_पीएसएमवाला:
सेवाग्रामचे गोडवे कुठवर गायचे? त्या संस्थेचा निम्मा खर्च केंद्र सरकार उचलतं, पाव राज्य सरकार. वर आश्रमाची परंपरा. इथे दीडशे मुलांची बॅच, एक बस, दोन असिस्टंट प्रोफेसर. मी पीएसएमचा, म्हणजे सामाजिक आरोग्याचा विभाग चालवलाय. डिझेलचं बिल पास करायलाच महिना जायचा. आणि स्पष्टच बोलतो, कॉलेजचं काम शिकवणं. गावाला औषध देणं हे प्राथमिक आरोग्य केंद्राचं काम.

आशा_चौदा_वर्षं:
सर, आरोग्य केंद्राचं काम म्हणजे शेवटी माझंच. पोरं जो फॉर्म भरतात तोच मी आधी भरलेला असतो. त्यांना घरं दाखवायला मीच हिंडते, त्या दिवसाचा मोबदला नाही. माणसं मलाच विचारतात, "ते डॉक्टर काय म्हणाले गं?" पोरं वाईट नाहीत. एकीने माझ्या रजिस्टरमधली चूकही दाखवली, बरं वाटलं. पण जाताना कुणाचा बीपी जास्त निघाला ती यादी तरी माझ्या हातात द्या! ती लॉगबुकात जाते आणि लॉगबुक कॉलेजात.

निवृत्त_पीएसएमवाला:
यादीचं म्हणणं मान्य. त्याला डिझेल लागत नाही. पण पेशंटची माहिती कागदावर गावभर फिरायला नको, त्याचं बघावं लागेल.

गोदाकाठ:
आशाताईंच्या हातात ती जाणं म्हणजे गावभर फिरणं नव्हे, सर. विद्यापीठाने कॉलेजांना भेटी किती झाल्या ते विचारू नये. बीपी जास्त निघालेल्यांपैकी किती जणांच्या गोळ्या सुरू झाल्या, ते विचारावं. आणि केसपेपरच्या खिडकीवर 'दत्तक कुटुंब' असा एक शिक्का, बास.

थर्डइयरची_ताई:
शिक्क्याचं मी मॅडमना विचारते. आणि शनिवारी त्या सासू-सुनेकडे जाऊन येते, बस नसली तरी. काका, आईंच्या गोळ्या सुरू झाल्या का?

गोदाकाठ:
गावातल्या खाजगी डॉक्टरकडून. झाल्या.