प्रार्थना घडीव झाली असेल तर ती काही दिवस थांबवावी का?

भरलेला_पेला (धागाकर्ता)
गेल्या रविवारी उपासनेत प्रार्थनेला उभा राहिलो. पाच-सात मिनिटं ओघानं बोललो, लोकांनी 'आमेन' म्हटलं. खाली बसल्यावर लक्षात आलं, आपण देवाकडे काय मागितलं ते एक अक्षरही आठवत नाही. तोंड चालू, मन भलतीकडे. आणि त्याची टोचणीसुद्धा लागली नाही, हे जास्त खटकलं.

बायबलातल्या प्रकटीकरणाच्या ३ऱ्या अध्यायात लावदिकीया शहरातल्या मंडळीला ख्रिस्त 'कोमट' म्हणतो. ते शहर गब्बर होतं. इ.स. ६० मध्ये भूकंपानं पडलं, तेव्हा रोमची मदत न घेता स्वतःच्या बळावर उभं राहिलं, असं रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. म्हणजे ती मंडळी त्याच अध्यायात 'मला काही उणे नाही' म्हणते, ती नुसती फुशारकी नव्हती, हिशेबानं ते खरंच होतं! माझंही तसंच झालंय. वचनं तोंडपाठ, अनुभव भरपूर, सल्ला विचारायला लोक माझ्याकडे येतात. मग देवाची गरज पडते कधी?

माझं मत असं, की ज्यांचं असं झालंय त्यांनी चाळीस दिवस चारचौघांत प्रार्थना करू नये. मंडळीतली मानाची कामं सोडावीत. दार लावून, जमेल तेवढंच बोलावं.

जुनं_स्तोत्र
साफ अमान्य. पाठ असण्यात वाईट काय आहे? वडील गेले त्या रात्री मला स्वतःचा एक शब्द सुचला नाही, २३वं स्तोत्र तेवढं तोंडात आलं. वधस्तंभावर येशूनं 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' म्हटलं, ती २२व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. त्या घटकेला त्यानंही नवी वाक्यं जुळवली नाहीत.

भरलेला_पेला
पण त्या शब्दांत आरोळी होती. माझ्याकडे नुसते शब्द आहेत.

तळ्याकाठी
मला वाटतं तुम्ही सुस्तावलेले नाही, थकलेले आहात. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली 'आता पुरे' म्हणून आडवा झाला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खायला घातलं (१ राजे १९). मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा कळलं की त्या कित्येक वर्षं आतून कोरड्या होत्या. काम मात्र सोडलं नाही. कोरड्या माणसाला तहान असते, सुस्ताला नसते. तुम्ही हा धागा काढलात, म्हणजे तहान आहे.

भरलेला_पेला
एलीयाची गोष्ट पुढे वाचा. तीच भाकर खाऊन तो चाळीस दिवस चालत होरेब डोंगराला गेला, आणि तिथे देवानं विचारलं, 'तू येथे काय करतोस?' जेवण घालून झाल्यावर झाडाझडती झालीच की.

मागच्या_बाकावरून
दोघांचंही ऐकतोय. मला चाळीस दिवसांच्या व्रतातच गर्व दिसतो, माफ करा. 'मी बघा कसा मागे सरलो' हेही मानाचंच काम.

आणि 'कोमट' म्हणजे अर्धवट तळमळ, हा अर्थ मला पटत नाही. लावदिकीयाच्या शेजारच्या हेरापली गावात गरम झरे होते, कलस्सै गावचं पाणी गार. एकानं अंग शेकतं, दुसऱ्यानं तहान भागते. ख्रिस्त म्हणतो, तू थंड किंवा गरम असतास तर बरं होतं. भावना उकळायचा इथे प्रश्नच नाही. तुमच्यामुळे कुणाचं काही भागतं का, ते बघा. प्रार्थना आठवत नसेल तर नसेल. ज्या आजाऱ्याचं नाव तिच्यात घेतलं, त्याच्याकडे त्या आठवड्यात गेलात का?

जाता जाता: 'मी दाराशी उभा आहे व ठोकीत आहे' हे वचन आपण बाहेरच्यांना देतो, पण ते याच लावदिकीयाच्या मंडळीला लिहिलेलं आहे.

भरलेला_पेला
नाही गेलो. नाव घेतलं होतं की नाही, तेही आठवत नाही.

गर्वाचं म्हणणं झोंबलं, पण तरी मी माघार घेत नाही. काही तरी बंद पडल्याशिवाय मला जाग येणार नाही. पाळकांनी पुढच्या रविवारी पुन्हा माझंच नाव दिलंय. अजून हो म्हटलेलं नाही.

जुनं_स्तोत्र
हो म्हणा, आणि दोनच वाक्यं बोला. उरलेला वेळ सगळे गप्प बसू.

भरलेला_पेला
ती दोन वाक्यंही मी आदल्या रात्री घोटून ठेवीन हो. तीच तर भीती आहे.