जुन्या गाडीचा ढिला गिअर लिव्हर: केबल टाय म्हणजे दुरुस्ती नव्हे

तेलकट हात:
जुन्या गाडीचा गिअर लिव्हर खुळखुळायला लागला की दोनच सल्ले मिळतात. "गाडीचं वय झालंय, एवढं चालायचंच" किंवा थेट "गिअरबॉक्स उतरवावा लागेल". मला दोन्ही मान्य नाहीत. लिव्हर ढिला पडतो तेव्हा दोष बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या बाहेरच असतो, लिव्हर आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या एखाद्या झिजलेल्या प्लास्टिकच्या किंवा रबरी बुशात, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या छोट्या नळकांड्यासारख्या तुकड्यात. ते शोधून नवं बसवावं. केबल टाय (नायलॉनची आवळपट्टी) आवळून किंवा तार गुंडाळून वेळ मारून नेण्याला माझा स्पष्ट विरोध आहे.

शोधणं अवघड नाही. इंजिन आडवं बसवलेल्या, पुढची चाकं फिरवणाऱ्या बऱ्याच गाड्यांत लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत दोन केबल जातात. एक पुढे-मागे गिअर टाकायला, दुसरी डावी-उजवी रांग निवडायला. इंजिन बंद ठेवा, हँडब्रेक ओढा, चाकांखाली ठोकळे लावा. एकाने आत बसून क्लच दाबून लिव्हर हलवायचा, दुसऱ्याने बॉनेट उघडून केबलच्या टोकावर नजर ठेवायची. टोक सरकतंय पण गिअरबॉक्सवरचा आर्म (केबल जिला ओढते ती दांडी) उशिरा हलतोय, तर टोकाचं बुश गेलं. टोकच उशिरा हलतंय, तर लिव्हरच्या बुडाशी बघा. कन्सोल (लिव्हरभोवतीचं झाकण) उघडला की तिथला गोळा आणि त्याची प्लास्टिकची वाटी दिसते. केबलचं बाहेरचं आवरणच ब्रॅकेटमध्ये सरकत असेल तर तिथली क्लिप किंवा ग्रोमेट (रबरी कडी) गेलंय. एवढं न बघता कोणी गिअरबॉक्स उतरवायला सांगत असेल तर नको म्हणा.

निवांत स्वार:
तपासणीबद्दल दुमत नाही, निष्कर्षाशी असहमत. "नवं बुश बसवा" हे लिहायला सोपं आहे. कित्येक गाड्यांना ते बुश सुटं मिळतच नाही, पूर्ण केबल घ्या म्हणतात. म्हणजे कन्सोल उघडा, फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) जुनी केबल ओढून काढा, नवी ओवा. मॉडेल बंद झालेलं असेल तर तीही मिळायची मारामार. अशा वेळी केबलचं टोक आर्मच्या बॉलवर (टोकाच्या गोळ्यावर) दाबून जाड केबल टाय आवळला तर सगळे गिअर नीट पडतात. माझ्या गाडीत तो कित्येक महिने टिकलाय. एवढ्याशा बुशापायी चालती गाडी दारात उभी का ठेवायची?

तेलकट हात:
टाय टिकतोय तोवर ठीकच वाटणार. प्रश्न तो तुटेल त्या क्षणाचा आहे. नायलॉन सततच्या उष्णतेने ठिसूळ होतं, आणि बॉनेटखाली उष्णता कमी नसते. पुढे-मागेची केबल आर्मवरून निसटली की लिव्हर तुम्ही न्यूट्रलला आणू शकता, पण गिअरबॉक्स आधीच्या गिअरमध्येच अडकलेला राहतो. चढावर तिसऱ्यात अडकलात तर गाडी उचलायची कशी? आणि लिव्हर न्यूट्रलला दिसतोय म्हणून क्लच न दाबता चावी फिरवली तर गाडी झेपावेल, समोर कोण उभं आहे ते बघणार नाही.

घरी पोचण्यापुरता टाय लावा, त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे तो तिथेच राहून जाण्याला. सुट्या बुशाचं म्हणाल तर केबल न बदलता टोकाला बसणारी बुशं बऱ्याच मॉडेलना मिळतात. बॉलचा व्यास आणि टोकाच्या भोकाचा व्यास व्हर्नियरने मोजा आणि त्याप्रमाणे मागवा.

पितळी घोडा:
मुळात प्लास्टिकच का? लेथवर पितळेचं बुश करून घ्या, प्रश्न कायमचा मिटतो. गिअर पडल्याचं हाताला स्वच्छ कळतं.

रानवाट:
@पितळी घोडा, अजिबात नको. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर सतत हलत असतात. ते कंपन लिव्हरपर्यंत येऊ नये म्हणूनच तिथे मऊ माल असतो. धातूचं बुश घातलं की ठरावीक आरपीएमला लिव्हर झणझणतो आणि कन्सोल वाजत राहतो. शिवाय झीज कुठेतरी होणारच. आज बुश झिजतं, ते स्वस्तातलं आहे. उद्या आर्मवरचा बॉल झिजेल आणि मग आर्मच बदलावा लागेल. घट्टपणा हवाच असेल तर पॉलियुरेथेनचं घ्या. थोडं कंपन त्यातूनही येतं, पण सहन होण्यासारखं.

पितळी घोडा:
कंपन मला चालतं. ढिला लिव्हर चालत नाही.

चौथा गिअर:
सगळं बुशावर ढकलू नका, धागाकर्ते. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की लिव्हर आपोआप पुढे-मागे होतो का? विशेषतः केबलऐवजी रॉड असलेल्या गाड्यांत असं झालं तर आधी इंजिनचं आणि गिअरबॉक्सचं माउंटिंग तपासा. रबर फाटलं की अख्खं इंजिन डोलतं आणि रॉड ते डोलणं लिव्हरला पोचवतो. तिथे नवं बुश घालून काही फरक पडणार नाही.

आणि लिव्हर ढिला असणं वेगळं, गिअर सुटणं वेगळं. ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी गिअरमधून बाहेर पडत असेल आणि बाहेरचं सगळं ठीक असेल, तर आत सिलेक्टर फोर्क (गिअर सरकवणारा काटा), तो सरकवतो त्या स्लीव्हचे दात किंवा डिटेंटची (गिअर जागेवर धरणाऱ्या अडसराची) स्प्रिंग गेलेली असू शकते. तेव्हा गिअरबॉक्स उतरवायला सांगणारा मेकॅनिक खरं बोलत असतो. "नको म्हणा" या वाक्याने लोक चुकीच्या जागी पैसे वाचवतील.

तेलकट हात:
माउंटिंगचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण माझं वाक्य तपासणी "न करता" उतरवायला सांगणाऱ्यांबद्दल आहे आणि ते मी मागे घेणार नाही. केबल आर्मवरून सोडवा आणि आर्म हाताने हलवून बघा. प्रत्येक गिअरला टक्‌ असा ठाम अडसर लागला तर आतली निवड बहुधा ठीक आहे. आर्म त्याच्या शाफ्टवरच लुळा पडला असेल तर आत बघावं लागेल. दोन मिनिटांचं काम आहे आणि गिऱ्हाइकाला समोर उभं करून करता येतं.

संथ वाहते:
माझं मत वेगळंच आहे. गिअर चुकत नसतील, सुटत नसतील तर काहीच करू नये. निरोगी लिव्हरही गिअरमध्ये असताना थोडा हलतोच. जुनी क्लिप काढताना तुटली की नसलेलं दुखणं मागे लागतं.

रानवाट:
थोडा हलणं आणि तिसरा शोधताना पहिल्यात जाऊ पाहणं यात फरक आहे ना. वेगात असताना तसं झालं तर सिन्क्रोनायझरची (गिअर पडण्याआधी वेग जुळवणाऱ्या भागाची) वाट लागते, क्लचही जातो. बहुतेक पाच गिअरच्या गाड्यांत न्यूट्रलला सोडलेला लिव्हर स्प्रिंगने तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत येऊन थांबायला हवा. तो भलतीकडे लोंबकळत असेल तर थांबू नका.

निवांत स्वार:
माझा लिव्हर मधल्या रांगेतच येतो, त्यामुळे टाय राहणार. पण बुश मिळालंच तर बसवायचं कसं तेही सांगा. नवं बुश भोकात शिरतच नाही असं ऐकलंय.

तेलकट हात:
गरम पाण्यात थोडा वेळ ठेवा, मऊ होतं. मग पकडीने सरळ दाबून बसवा, हातोडी नको. रबरी भाग असेल तर सिलिकॉन ग्रीस लावा, साध्या ग्रीसने काही रबरं फुगतात. केबलचं ॲडजस्टमेंट हललं असेल तर मॅन्युअलप्रमाणे न्यूट्रलला पुन्हा जुळवा, काही गाड्यांत त्यासाठी लॉकची पिन घालावी लागते. मग इंजिन बंद ठेवूनच रिव्हर्ससकट सगळे गिअर टाकून बघा. आणि तो टाय आत्ताच एकदा वाकवून बघा. पांढरी रेघ उमटली तर बुश येईपर्यंत गाडी काढू नका.