'वास घेऊन बघा' हा सल्ला नागपूरच्या उन्हाळ्यात चालत नाही

धरमपेठवाली
परवा 'रिकामा_डबा' यांनी लिहिलं होतं: "पाकिटावरची तारीख म्हणजे कंपन्यांचा धंदा. देवानं नाक दिलंय, वास घ्या, चाखून बघा. उरलं ते फ्रीजरमध्ये टाका, तिथे काहीच खराब होत नाही." त्यावर बऱ्याच जणांनी 'अगदी बरोबर' लिहिलं. मला ते अजिबात पटलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

'बेस्ट बिफोर' उलटलेला रवा, पोहे, बिस्किटं नाकानं तपासा, काही बिघडत नाही. फार तर खवट लागतील, जाळी धरलेली दिसेल. दूध, पनीर, खव्याची मिठाई यांना तो न्याय नाही. वास सोडणारे जंतू वेगळे आणि आजारी पाडणारे वेगळे. साल्मोनेला वाढला म्हणून पदार्थ नासका लागेलच असं नाही.

रात्रीच्या भाताचं उदाहरण घ्या. बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू शिजवताना मरत नाहीत. पातेलं ओट्यावर कोमट राहिलं की ते रुजतात आणि विष तयार करतात. सकाळी कितीही कडक फोडणी दिली तरी ते विष जात नाही, आणि वास येतो तो फक्त कांदा-मोहरीचा. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ असतं, पंखा लावला तरी स्वयंपाकघरात ३८. वर्षातले चार महिने आपण एका तासाच्या हिशेबात आहोत.

रिकामा_डबा
ताई, मी दूध-खव्याबद्दल बोललोच नव्हतो. मुद्दा असा की एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०२० च्या लेबलिंग नियमांत 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' सक्तीची झाली आणि 'बेस्ट बिफोर' ऐच्छिक राहिलं. म्हणजे तुम्ही ज्याला नाक चालतं म्हणता त्या कोरड्या मालावरही आता एक्स्पायरी छापलेली असते. सामान्य माणूस ती वाचतो आणि चांगला रवा कचऱ्यात टाकतो. हा दोष माझ्या सल्ल्याचा की नियमाचा?

धरमपेठवाली
नियमामुळे रवा आणि पनीर एकाच मापानं मोजले जातात, हे मान्य. पण तुम्ही 'वास घ्या, चाखून बघा' लिहिलंत, तेव्हा रवा-पनीर वेगळे केले नव्हते.

इतवारी_किराणा
दुकानदाराच्या बाजूनं सांगतो. एक्स्पायरी गेलेला माल विकणं गुन्हा आहे, तो काउंटरवर दिसताच कामा नये. घरात काय करायचं तो तुमचा प्रश्न. पण एक गोष्ट दोघंही विसरून राहिले. छापलेली तारीख बंद पाकिटाची असते. टेट्रा पॅकचं दूध सहा महिने टिकतं ते न उघडता. बाजूला बारीक अक्षरात 'उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा, इतक्या दिवसांत वापरा' असतं, ते कोणी वाचत नाही. उघडलं की पाकिटावर पेनानं त्या दिवसाची तारीख टाका, छापील तारीख तिथेच संपली.

आणि आट्याचं पाकीट डब्यात ओतताना तारखेचा तुकडा कापून डब्यात आतून चिकटवा. बॅच नंबरही सोबत राहतो, तक्रार करायची वेळ आली तर तोच लागतो.

मानेवाडा_रोड
सुट्या मिठाईचं कोण बोलणार? १ ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येक ट्रेवर 'बेस्ट बिफोर' तारीख लावायची सक्ती आहे. सणाच्या गर्दीत कितीतरी काउंटरांवर ट्रे बदलतात, पाट्या त्याच राहतात. विचारलं की 'आजचाच माल आहे भाऊ'. घरच्या पाकिटावर तारीख टाका म्हणून आम्हाला शिकवायचं आणि खव्याच्या मिठाईला पाटी नाही.

उमरेड_रोड_फ्रीज
मिठाई नंतर. मूळ पोस्टमधली सगळ्यात चुकीची ओळ फ्रीजरची आहे, त्यावर अजून कोणी बोललं नाही. मी फ्रीज दुरुस्त करतो, म्हणून लिहितो.

फ्रीजरच्या दारावर किंवा आत छोटे तारे असतात. एक तारा म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. एका ताऱ्यात गोठवलेला माल साधारण आठवडा, दोनमध्ये महिना, तीनमध्ये तीन महिने. दारावर बीईईचे (सरकारच्या ऊर्जा-बचत संस्थेचे) पाच तारे चिकटवलेले असतात ते विजेच्या बचतीचे, त्यांचा गोठवण्याशी संबंध नाही. गिऱ्हाईक ते दाखवून म्हणतं, "फाइव्ह स्टार आहे, तरी आइस्क्रीम पाघळते." बहुतेक सिंगल डोअरचा वरचा कप्पा उणे १८ ला पोचत नाही. मे महिन्यात त्यावर बर्फाचा थर चढतो. तो बोटभर झाला की तोच थंडी अडवतो, कॉम्प्रेसर चालू राहतो आणि आतलं अन्न अर्धवट गोठतं. थर अर्ध्या सेंटिमीटरचा झाला की डीफ्रॉस्ट करा. सुरीनं खरवडू नका, कॉइल फुटते आणि गॅस जातो.

आणि गोठवल्यानं जंतू मरत नाहीत, थांबतात. बाहेर काढलं की जिथे थांबले तिथून पुढे चालू.

सोलेभात
हे ठीक, पण नागपुरात फ्रीजर विकत घेतात ते कशासाठी? तुरीच्या सोल्यांसाठी, म्हणजे ओल्या दाण्यांसाठी. डिसेंबर-जानेवारीत कळमन्याच्या बाजारात शेंगा स्वस्त असतात तेव्हा सोलून कच्चेच झिप बॅगेत भरा, वर्षभर सोलेभात करा. एवढी तारे-तारखांची भानगडच नाही.

धरमपेठवाली
कच्चे वर्षभर? महिन्याभरातच चव उतरू लागते. दाण्यात विकरं (एन्झाइम) असतात, ती थंडीत मंद होतात पण थांबत नाहीत. रंग पिवळट पडतो आणि वाळल्या गवतासारखा वास येतो. ब्लांच केल्याशिवाय, म्हणजे थोडा वेळ उकळून लगेच गार केल्याशिवाय, गत्यंतर नाही. अर्धा किलो दाण्यांना चार लिटर खळखळ उकळतं पाणी. दाणे टाकल्यावर उकळी एका मिनिटात परत आली पाहिजे, नाही आली तर पाणी कमी आहे. परत उकळल्यावर दोन मिनिटं, मग तितकाच वेळ बर्फाच्या पाण्यात.

सोलेभात
दोन मिनिटांत सालं सुटतात, मग भातात नुसती सालं तरंगतात. विदर्भात सोले कोणी उकळून ठेवत नाही. पुस्तकात मटाराचं लिहिलेलं सोल्यांना लावू नका.

धरमपेठवाली
'कोणी ठेवत नाही' हे उत्तर नाही. साल सुटतं ते उकळीनंतर गार करायला उशीर झाला म्हणून. दाणा आत गरम राहतो आणि शिजतच जातो. नळाच्या पाण्यात टाकून भागत नाही, मे महिन्यात तर आपलं टाकीचं पाणीच चहाचं असतं.

सोलेभात
सोले जानेवारीत येतात, मे महिन्यात नाही. तेवढं तरी बघून लिहा.

तर्रीपोहे
दोघंही अर्धं बोलून राहिले. खरी गडबड ओल्या दाण्यांची आहे. ब्लांच केलेले असोत की कच्चे, पाणी राहिलं की बॅगेत एकच दगड होतो, मग मूठभर काढायला अख्खी बॅग ओट्यावर वितळवतात आणि उरलेली परत आत टाकतात. सुती कापडावर पंधरा मिनिटं पसरा, ताटात एका थरात तासभर कडक होऊ द्या, मग बॅगेत भरा. हवा दाबून काढा आणि बॅग सपाट ठेवा, दीड इंचापेक्षा जाड नको. जाड गठ्ठा मधून गोठायला रात्र घेतो, तोवर बर्फाचे मोठे स्फटिक दाणा फोडतात.

कोवळे सोले असतील तर दीड मिनिट पुरे, जून असतील तर दोन. सोलेभात यांची सालं सुटतात ती कोवळ्यांची.

सोलेभात
दीड मिनिट करून बघीन. पण मार्चपर्यंत संपवायचे असतील तर कच्चे चालतात, हे तुम्हीही नाकारू नका.

तर्रीपोहे
फेब्रुवारीपर्यंत. आणि तेही तीन ताऱ्यांच्या कप्प्यात.

भांडेवाडी_शेजार
सगळा खेळ मध्यमवर्गाच्या फ्रीजरचा चालू आहे. भांडेवाडीच्या कचरा डेपोला उन्हाळ्यात आग लागते तेव्हा धूर आम्ही गिळतो. युनेपच्या (संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या) २०२४ च्या अहवालात भारतात घराघरातून माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं असं आहे. तुमच्या दीड मिनिटानं त्यातलं काय कमी होणार?

रिकामा_डबा
त्या ५५ किलोत सालं, हाडं, कोयी असं न खाण्याजोगंही धरलेलं आहे. आपल्या शहरात संत्र्याच्या हंगामात नुसत्या सालींचंच वजन किती होईल. आकडा वापरायचाच तर पूर्ण सांगा.

भांडेवाडी_शेजार
साली असोत की भात, ओला कचरा सुक्यात मिसळून गाडीत गेला की धूर तोच. खाण्याजोगं आणि न खाण्याजोगं वेगळं करून दाखवा, मग माझा आकडा खोडा.

गोकुळपेठ_मार्केट
संत्र्याचं निघालंच आहे म्हणून. रस काढून फ्रीजरमध्ये ठेवणाऱ्यांनो, नागपुरी संत्र्याचा रस काही तासांत कडू होतो. लिमोनिन हे कडू द्रव्य हळूहळू तयार होतं, बिया आणि पांढरा पडदा चेपला गेला की जास्तच. मिक्सरमध्ये फोडी फिरवून गोठवलात तर महिन्यानं ओतूनच टाकाल. फोडींचा पडदा काढा, बिया काढा, गर तसाच गोठवा. काकडी, दही, उकडलेला बटाटा असलेली रस्साभाजी यांना फ्रीजर नकोच. बटाटा रवाळ होतो, दही फाटतं. पनीर भुसभुशीत होतं, गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवलं तर भाजीत चालून जातं. सांबार (कोथिंबीर) जुडीनं गोठवू नका, काळा लगदा होतो. चटणी वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये घाला.

मानेवाडा_रोड
आणि लाइट गेली की? उन्हाळ्यात आमच्याकडे दोन-दोन तास जाते. तेव्हा हे सगळं ब्लांचिंग पाण्यात.

उमरेड_रोड_फ्रीज
दार उघडू नका. खालचा फ्रीज बंद दारानं साधारण चार तास तग धरतो. गच्च भरलेला वेगळा फ्रीजर ४८ तास, अर्धा भरलेला २४. सिंगल डोअरच्या कप्प्याला हा हिशेब लावू नका, आणि घरात ४० अंश असेल तर त्याहून कमी धरा. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. बाटली काठोकाठ भरायची नाही, पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं. गावाला जाताना कपभर पाणी गोठवून वर नाणं ठेवा. परतल्यावर नाणं तळाशी असेल तर मधे सगळं वितळून परत गोठलेलं आहे, मटण-मासळी फेकून द्या. पदार्थात बर्फाचे कण शिल्लक असतील तरच परत गोठवा, चव थोडी जाईल.

रिकामा_डबा
ठीक. 'काहीच खराब होत नाही' ही ओळ मागे घेतो. तारखेबद्दलचं म्हणणं मात्र कायम. आता ज्यांनी एवढं सुनावलं त्यांनी सांगावं, घरच्या डब्यावर नेमकं लिहायचं काय? तिथे तर कंपनीही नाही आणि नियमही नाही.

धरमपेठवाली
चार गोष्टी: काय आहे, किती जणांचं, कधी ठेवलं, कधीपर्यंत संपवायचं. 'रस्सा' लिहून भागत नाही. पाटवडीचा रस्सा आणि सावजीचा मटण रस्सा गोठल्यावर सारखेच दिसतात, घरात शाकाहारी कोणी असेल तर पंचाईत. मास्किंग टेप आणि परमानंट मार्कर घ्या, बॉलपेन ओलाव्यानं पुसतं. टेप डबा आत ठेवण्याआधी लावा, गार ओल्या प्लॅस्टिकला ती धरत नाही. झाकणावर नको, झाकणं अदलाबदल होतात. डब्याच्या अंगावर, समोरच्या बाजूला. रश्शाच्या डब्यात वर बोटभर जागा सोडा. नवा डबा मागे, जुना पुढे. वितळवायचं ते रात्री खालच्या फ्रीजमध्ये, आणि गरम करताना मधोमध वाफा निघेपर्यंत, एकदाच.

इतवारी_किराणा
डब्याला नंबर द्या आणि यादी फ्रीजच्या दारावर लावा. दार उघडून शोधत बसलं की थंडी तिथेच जाते.

सोलेभात
शेंगा सोलायला बसताना शेजारी वाटीत मीठ-पाणी ठेवा, अळीचे दाणे वर तरंगतात. त्यानंतर उकळायचं की नाही ते ज्याचं त्यानं बघावं.

धरमपेठवाली
दीड मिनिट.